तपकिरी कोळशाचं वाळवण

शेजारचे देश तपकिरी कोळसा किती आणतात याची काळजी करणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. दगडी कोळशाची काळजी करणारे पुष्कळ असतील. त्यासाठी सरकार आहे, कारखाने आहेत, वर्तमानपत्रं आहेत. पण लिग्नाइट नावाचा त्याचा जो ओलसर, ठिसूळ, मातकट रंगाचा धाकटा भाऊ आहे, तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान आणि म्यानमार या सहा घरी दरसाल किती जातो, कोणाकडून जातो, मागच्या सालापेक्षा जास्त की कमी, हे अमरावतीत बसून, स्वतःच्या पेन्शनीतून, कोणीही सांगितलेलं नसताना पाहणारा दुसरा कोणी असेल तर मला जरूर कळवावं. मी त्याची आणि आमच्या साडूंची गाठ घालून देईन, आणि त्या दिवशी मी स्वतः अकोल्यात माझ्या घरीच थांबेन.

माझे हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बडनेऱ्याच्या रेल्वे मालधक्क्यावर त्यांनी उभी नोकरी कारकून म्हणून काढली. तपकिरी कोळशाशी त्यांची ओळख करून दिली ती एका मेमोनं. नोकरीला नवीन असताना एका मालगाडीच्या कागदांवर त्यांना ‘लिग्नाइट’ असा शब्द दिसला. शब्द अनोळखी होता आणि जेवायची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी सरळ ‘कोळसा’ असं लिहून टाकलं आणि डबा उघडला. आठ दिवसांनी साहेबांचा मेमो आला. दुसरा कोणी असता तर साहेबाच्या नावानं बोटं मोडून मोकळा झाला असता. आमचे साडू त्या संध्याकाळी वाचनालयात गेले. ते अजून परत आलेले नाहीत असं ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणतात. तो मेमो साडूंनी एका जाड रजिस्टरच्या पहिल्याच पानाला डकवून ठेवला आहे. “आपल्याले मेमो भेटला याचं वाईट नाही वाटलं, साडूभाऊ,” ते मला सांगत असतात. “वाईट याचं वाटलं, का एवढा मोठा कोळसा जगात हाय अन् मले त्याचं नावही माहीत नोतं.”

त्यांच्या समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या शेजारच्या भिंतीवर, जिथं पूर्वी दोन्ही मुलींचे पदवीदानाचे फोटो होते, तिथं आता एक तक्ता आहे. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी चिकटवून केलेला. त्याच्यावर सहा देशांच्या सहा रेघा, सहा रंगांत. नेपाळ लाल, बांगलादेश हिरवा, असं करत करत भूतानला पिवळा रंग उरला आणि तो ट्यूबलाइटच्या उजेडात दिसेना. “भूतान सध्या काय करतोय?” असं मी एकदा दिवेलागणीला विचारलं, तर म्हणाले, “सकाळी पाहा, आता नाही दिसत थो.” या तक्त्याचे कडक नियम आहेत. नवा आकडा आधी पेन्सिलीनं मांडायचा. वर्षभर तो टिकला, त्या देशानं तो बदलला नाही, तर मग त्यावर शाई फिरवायची. कारण देश आधी एक सांगतात आणि नंतर बारीक अक्षरात ‘सुधारित’ असं लिहून दुसरंच सांगतात. साडूंना याचा कधी राग आला नाही. “सुधारला म्हंजे काय कमीपणा आला काय? मोठमोठे देश सुधारतात,” असं ते खोडरबर चालवता चालवता म्हणतात. रबराचा भुगा ताई झाडतात. दुसरा नियम कागदाचा. दर जानेवारीला उजवीकडे एकाच वर्षापुरती पट्टी चिकटवायची, बोटभरही जास्त नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, “पुढचं कोनाले माहीत? उगाच कोरा कागद लटकत राह्यते.”

आता एवढ्या तपश्चर्येतून हाती काय लागलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. तेव्हा त्यांनी मला पुढ्यात बसवून जो सिद्धांत सांगितला तो मी इतक्या वेळा ऐकला आहे की झोपेतही म्हणू शकेन. तपकिरी कोळशात पाणी फार. वजन भरपूर आणि जाळलं तर ऊब थोडी. शिवाय वाटेत त्याचा भुगा होतो. म्हणून बहुतेक जागी तो जिथं खणतात तिथंच खाणीच्या तोंडाशी जाळून टाकतात. लांबच्या देशी पाठवणं कोणाला परवडत नाही. गेलाच तर शेजारी जातो. “म्हून पाहा,” साडू बोट वर करून म्हणतात, “हा लांबचा कोळसा नोहेच. हा शेजाराचा कोळसा हाय. शेजार बरा असन तरच जाते.” हा व्यापारच मुळी एवढा किरकोळ, की कुठं एखादा सिमेंटचा कारखाना सुरू झाला तर रेघ डोंगरासारखी चढते आणि चार वीटभट्ट्यांनी तोंड फिरवलं की धाडकन खाली येते. रेघ चढली की साडूंच्या कपाळाला आठी पडते. उतरली की ते ताईंना चहा टाकायला सांगतात. ही गोष्ट मला पुष्कळ दिवस कळत नव्हती. ज्याच्यावर एवढा जीव, त्याची रेघ उतरल्यावर आनंद कसला? म्हणून एकदा धीर करून विचारलं. “धूर लय करते हो थो,” ते जरा ओशाळून म्हणाले. “प्रेम हाय म्हून का खोटं बोलू? साऱ्या रेघा एक दिवस जमिनीले टेकल्या पाह्यजे. लोकाईच्या छतावर आता ऊन पकडाच्या पाट्या येऊन राह्यल्या. टेकतीन.” हे वाक्य लक्षात ठेवा. प्रेमापोटी खोटं न बोलण्याचं.

अशा माणसाला चारचौघांत नेणं म्हणजे जिवाला घोर. बार्शीटाकळीला आमच्या पुतणीचं लग्न होतं. वंदना झाली, हार झाले, आणि कोणीतरी वयोवृद्ध म्हणून साडूंच्या हाती माइक दिला. त्यांनी नवरा-नवरीला आशीर्वाद देता देता सांगितलं, की एक देश म्हणतो मी इतका कोळसा दिला आणि दुसरा म्हणतो मला आलाच नाही. अशा वेळी दोघांनीही आपापली वही आणून समोर ठेवावी, भांडू नये. मंडपातले लोक एकमेकांची तोंडं पाहू लागले. नवरीनं तेवढी मान डोलावली. ती आज सुखात आहे, आणि साडू त्याचं श्रेय घेतात. चिखलदऱ्याला गेलो तर तिथं कॉफीची ताजी पूड त्यांनी तळहातावर घेतली, दोन बोटांत चुरडली, वास घेतला आणि दुकानदाराला म्हणाले, “रंग तर तोच हाय. पण तुमची वाळलेली हाय, आमचा ओला राह्यते.” दुकानदारानं मला बाजूला घेऊन त्यांची तब्येत विचारली. शेजारच्या सगळ्या देशांच्या वकिलातींना त्यांनी एकदा पोस्टकार्डं टाकली होती. एका वकिलातीतून उत्तर आलं. पर्यटनाचं गुळगुळीत रंगीत पुस्तक. त्यातल्या बर्फाच्या डोंगराखाली एक घर होतं आणि घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. त्या धुराच्या रंगावरून आत काय जळत असावं यावर त्यांनी माझी एक रविवार सकाळ घालवली.

पण खरं सांगू का, त्यांच्यावर रागावता येत नाही. एखाद्या वर्षी एखाद्या देशाची रेघ काही कारण नसताना उसळी मारते. तेव्हा कुठल्याशा सीमेवरच्या नाक्यावर एक कारकून बसलेला त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. “त्यानं काळा म्हून लिवाचा तपकिरी लिवला असन. जेवाची वेळ झाली असन बिचाऱ्याची,” ते हळहळतात. “त्याले मेमो नाही भेटला पाह्यजे.” परमुलखातल्या, कधीही न पाहिलेल्या कारकुनासाठी एवढा जीव तुटणारा हा माणूस स्वतःच्या सख्ख्या शेजाऱ्याशी अकरा वर्षं एक शब्द बोलला नाही. आता मला तेच सांगायचं आहे.

साडूंच्या घराला लागून गादीवाले चाचा राहायचे. कापूस पिंजून गाद्या आणि रजया करण्याचा त्यांचा पिढीजात धंदा. बोलणं अर्धं आमच्यासारखं वऱ्हाडी, अर्धं उर्दू. चाची लवकर गेल्या. घरात चाचा आणि एक मुलगी. चाचांच्या बोटांतून एका टाक्यापेक्षा दुसरा टाका कधी लहानमोठा पडला नाही. आणि या जगात साडूंचा कोळसा मनापासून ऐकणारा तो एकच माणूस होता. साडू मालधक्क्यावरून घरी आले की आधी चाचांच्या ओट्यावर बसत. चाचा सुई चालवत चालवत विचारत, “क्या बाबू, नेपाळ का क्या हाल?” आणि पुढं तासभर दोघांपैकी कोणालाही घर आठवत नसे. चाचांना कोळशात रस होता असं मला वाटत नाही. त्यांना बाबूत रस होता. एकदा चाचांना खोकला धरला. साडूंनी धुराचे सगळे दुष्परिणाम रजिस्टरमधून वाचून दाखवले आणि चाचांची तीस वर्षांची बिडी सोडवली. शेवटचं बंडल दोघांनी मिळून नालीत टाकलं. त्याच महिन्यात साडूंनी वाळवण घातलं.

वऱ्हाडात मे महिन्यात प्रत्येक घर काही ना काही वाळत घालतं. कुरडया, सरगुंडे, पापड, मिरच्या. उन्हात बाज टाकायची, धोतर अंथरायचं आणि वर वाळवण पसरून द्यायचं. ऊन आमच्याकडे फुकट आहे, आणि फुकट गोष्ट वाया गेलेली आम्हाला बघवत नाही. तर त्या वर्षी ताईंच्या कुरडयांकडे बघता बघता साडूंच्या डोक्यात उजेड पडला. तपकिरी कोळशाचा दोष एकच, त्याच्यातलं पाणी. आणि आपल्याकडे तर पापडाचंही पाणी दोन दिवसांत पळून जातं! जे काम परदेशात मोठमोठ्या यंत्रांना जड जातं ते अमरावतीच्या अंगणात होऊन जाईल. मग हा कोळसा लांब जाईल, थोडा जाळला तरी पुरेल, धूर कमी होईल. रेल्वेतल्या एका मित्राकडून त्यांनी राजस्थानातून तीन पोती लिग्नाइट आणवलं. अंगणात ताईंची जुनी चादर पसरून त्यावर ते घातलं. एका बाजेवर कुरडया, शेजारी कोळसा. ताई कुरडया पालटत, तेव्हा हेही उकिडवे बसून कोळसा पालटत. दहा दिवसांत तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा कोरडा झाला. साडू एवढे खूश की त्यांनी मला खास फोन करून बोलावून घेतलं, आणि मी मुकाट्यानं गेलो.

नेमके मी पोचलो त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं. वाळवणावर पाऊस पडू द्यायचा नाही, हे आमच्या हाडीमासी भिनलेलं. ताईंनी कुरडया डब्यात भरल्या. साडूंनी कोळसा सामाईक भिंतीच्या कोपऱ्यात ढीग करून लावला आणि वरून ताडपत्री घट्ट बांधली. पाऊस काही आला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ताडपत्रीतून धूर निघू लागला आणि बघता बघता जाळ झाला. भिंतीच्या पलीकडे चाचांची टिनाची शेड, शेडमध्ये कापूस. आठ दिवसांवर चाचांच्या मुलीचं लग्न होतं आणि तिच्यासाठी चाचांनी महिनाभर बसून लाल मखमलीची रजई केली होती. सगळी गल्ली बादल्या घेऊन धावली. कोणाला इजा झाली नाही. शेड अर्धी वाचली. रजई वाचली नाही.

त्या धुरात सगळे उभे असताना कोणीतरी विचारलं, कशानं लागली हो? आणि साडू म्हणाले, “कोनाची तरी बिडी पडली असन.”

मी शेजारीच उभा होतो. चाचांनी साडूंकडे एकदा पाहिलं. वाकून त्यांनी जळक्या रजईचं एक टोक उचललं आणि ओढत घरात नेलं. गल्लीत बिडी ओढणारा माणूस एकच होता, आणि त्यानं ती महिन्यापूर्वी याच मित्राच्या सांगण्यावरून सोडली होती.

साडूंना खरं कारण माहीत नव्हतं असं नाही. महिनाभरानं मी ते रजिस्टर चाळत होतो, तेव्हा मेमोखालीच त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: ‘वाळवून ढीग केल्यास आपोआप पेटतो.’ शाईनं लिहिलेलं, कित्येक वर्षांपूर्वीचं. पावसाच्या भीतीनं त्या संध्याकाळी ते विसरले एवढंच. दुसऱ्या दिवशी आठवलं, तेव्हा जीभ घसरून गेली होती. मला वाटतं, त्यांना स्वतःला वाचवायचं नव्हतं. कोळशाला वाचवायचं होतं. ज्याचं एवढं गुणगान चाचांच्या ओट्यावर बसून केलं, त्यानंच चाचांची शेड पेटवली हे त्यांच्या तोंडून निघेना. एकदा निघालं नाही, मग निघेचना. चाचांनी आठ दिवसांत दुसरी रजई केली. लग्नाला ताई गेल्या. साडूंना ताप आला होता असं सांगण्यात आलं.

त्यानंतर ती भिंत भिंतच झाली. म्हणजे पुरुषांपुरती. ताईंचा व्यवहार एक दिवस बंद पडला नाही. भिंतीच्या वरून पुरणपोळी पलीकडे जाई आणि ईदेला शीरखुर्मा अलीकडे येई. कढीपत्ता, लिंबं, खोकल्याचं औषध, सगळं. साडू शीरखुर्मा वाटी चाटून संपवत आणि कुठून आला हे कधी विचारत नसत. सहा देशांच्या सरहद्दीवरून काय गेलं-आलं याची खबर ठेवणाऱ्या माणसानं स्वतःच्या सरहद्दीवरची आयात अकरा वर्षं नोंदवली नाही. मला त्यांचा भयंकर राग यायचा. मग ते नाक्यावरच्या कारकुनाविषयी हळहळू लागले की जायचा.

गेल्या हिवाळ्यात ताईंचा अकोल्याला फोन आला. “भाऊजी, चाचा चालले हो. डोळ्याले कमी दिसते, पोरगी अकोल्याले घेऊन चालली त्याईले. शनवारी सामान जाते. तुमी या एकदम. हे तं पेन्सिलीले टोक करून राह्यले दोन दिवसापासून.”

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी बडनेऱ्याला उतरलो. पोचलो तेव्हा चाचांच्या दारात टेम्पो लागला होता आणि चाचा ओट्यावर शेवटच्या गादीवर बसले होते. आत साडू तक्त्यासमोर उभे. पेन्सिलीला इतक्या वेळा टोक करून झालं होतं की ती बोटभर उरली होती. मी म्हटलं, “भाऊ, जाऊन या. टेम्पो निघेल.” ते म्हणाले, “बांगलादेशचा नवा आकडा आला हाय. थो मांडतो अन् मंग पाहू.” मी म्हटलं, “बांगलादेश कुठं चाललाय?” त्यांनी फूटपट्टी लावली आणि रेघ ओढली. ती वाकडी गेली. त्यांची रेघ वाकडी गेलेली मी प्रथमच पाहिली.

तेव्हा ताई आतून आल्या. त्यांनी रजिस्टर आणलं होतं. त्या वर्षाच्या मे महिन्याचं पान काढून त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि वर चहाचा कप ठेवला, म्हणजे पान मिटू नये. मी वाकून पाहिलं. ‘शेजारच्या शेडला आग. कारण: बिडी.’ पेन्सिलीत. अकरा वर्षांत अक्षरं पुसट होत आली होती, पण त्यावर शाई फिरवलेली नव्हती.

“साऱ्या देशाचे आकडे शाईत गेले,” ताई म्हणाल्या. “हा एकच काहून पेन्सिलीत हाय?”

साडू खुर्चीवर बसले. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मग त्यांनी कप उचलला, खोडरबर घेतलं आणि सावकाश एक शब्द पुसला. शाईचं पेन काढून दोन ओळी लिहिल्या. रजिस्टर तसंच उघडं धरून ते चपला न घालता बाहेर पडले. मी आणि ताई मागून.

चाचांच्या ओट्यासमोर उभं राहून त्यांनी घसा खाकरला. “चाचा, एक आकडा सुधाराचा राह्यला होता,” ते म्हणाले आणि लग्नातल्यासारखं मोठ्यानं वाचू लागले. “शेजारच्या शेडला आग. कारण, कोळसा. वाळवून ढीग केला तर आपोआप पेटते, हे मले माहीत होतं. ढीग म्या केला. सुधारित.”

टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून थांबला. चाचांनी हात पुढं केला. “दाखवा बाबू, क्या लिखा?” त्यांनी रजिस्टर अगदी डोळ्यांशी नेलं. ओळीवरून बोट फिरवलं, तर बोटाला निळी शाई लागली. ते त्या शाईकडे पाहत म्हणाले, “गिली है अभी. वाळू द्या. पन ढीग नका करू.”

आधी ताई हसल्या, मग चाचा. साडू हसले नाहीत. ते ओट्यावर बसले आणि दोन्ही हातांनी डोळे पुसू लागले. चाचा जरा वेळानं म्हणाले, “बिडी फिर नाही पकडली म्या. अकरा साल. रोज सोचतो का बाबू इचारन, तं त्याले सांगीन.” ताई सगळ्यांना चहा घेऊन आल्या. या वेळी भिंतीवरून नाही, दारातून. टेम्पो दीड तास उशिरा निघाला.

साडूंच्या सिद्धांताप्रमाणे ही गोष्ट इथंच संपायला हवी होती. लांबवर काही जात नाही, वाटेत भुगा होतो. पण आता साडू दर पंधरा दिवसांनी अकोल्याला येतात. आल्यावर माझ्याकडे चहा घेतात, ‘सहज आलो होतो’ म्हणतात आणि अर्ध्या तासात चाचांच्या मुलीच्या घरी निघतात. सोबत तक्ता असतो. तो आता भिंतीवर नाही. चाचांनी तो मांजरपाटाच्या लांब पट्ट्यावर सुईदोऱ्यानं शिवून दिला आहे, कडेनं रजईचे टाके घालून. गुंडाळायचा आणि काखोटीला मारून गाडीत बसायचं. चाचांना दिसतं कमी, पण हात अजून स्थिर आहे. साडूंचा हात थरथरतो, पण दिसतं चांगलं. तेव्हा चाचा फूटपट्टी धरतात, पेन्सिलीचं टोक साडू जागेवर टेकवतात आणि रेघ दोघांच्या हातून निघते. भूतानही आता दिसतो. साडूंनी बोट ठेवलं तिथं तिथं चाचांनी त्याच्या पिवळ्या रेघेवर बारीक काळा टाका घातला आहे.

परवा मीही गेलो होतो. पलंगावर तक्ता पसरलेला. रेघा पलंगाच्या मध्यावर येऊन थांबल्या होत्या आणि पुढं कोरं कापड उशीपर्यंत गेलं होतं, तिथून खाली जमिनीवर उतरून दाराकडे वळलं होतं. मी मनात मोजून पाहिलं. या दोघांच्या वयात एवढी वर्षं मिळवली तर बेरीज कुठं जाते ते माझ्यानं बोलवलं नाही.

“भाऊ,” मी म्हटलं, “एकाच वर्षाची पट्टी लावायचा तुमचा नियम होता ना? एवढं कोरं कशाला?”

साडूंनी चाचांकडे पाहिलं. चाचा फूटपट्टी धरून बसले होते.

“रेघा जमिनीले टेकेपर्यंत जागा नोको काय?” साडू म्हणाले, आणि पेन्सिलीचं टोक नेपाळवर टेकवलं.